घरातलं एकच मत

आमच्या घरात माणसं तीन आणि मत एक. तेही नेमकं ज्याला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही, त्याच्याकडे.

तो म्हणजे माझा नवरा, शैलेंद्र. सिटिझनशिपचे आमचे दोघांचे अर्ज एकाच दिवशी, एकाच पाकिटातून गेले होते. पाकिटावर तिकिटंसुद्धा मी चिकटवली होती. त्याला नऊ महिन्यांत बोलावणं आलं, शपथ झाली, आणि साहेब हातात छोटा झेंडा घेऊन घरी आले. माझं मात्र 'नेम चेक पेंडिंग'. माझ्या नावात असं काय दडलंय की ते तपासायला सरकारला चौदा महिने पुरू नयेत, देव जाणे. फोन केला की पलीकडची बाई गोड आवाजात सांगते, वाट बघा. त्यात मी आता तरबेज झाले आहे.

मला सगळ्यात जास्त लागलं ते मताचं. नागपूरला होते तोवर दोन निवडणुका वाट्याला आल्या आणि दोन्ही वेळा मी सकाळी सातला शाळेच्या फाटकापाशी हजर होते. बोटावरची शाई टिकावी म्हणून आठवडाभर डावा हात साबणाला लावला नव्हता. शैलेंद्र पुण्यात सव्वीस वर्षं राहिला, पण एकदाही मत द्यायला गेला नाही. कधी परीक्षा, कधी प्रोजेक्ट, कधी 'माझ्या एकट्याच्या मताने काय होणार आहे'. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ते असं.

म्हणून मी त्याच्याशी सरळ तह केला. ठरवायचं मी, बटण दाबायचं त्याने. "चालेल," तो म्हणाला. त्याला सगळंच चालतं.

पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार राज्याराज्यांत मतदान घेऊन ठरणार होता, आणि गेल्या उन्हाळ्यापासून इच्छुकांची एकही डिबेट मी सोडली नव्हती. आमची मुलगी सिया नववीत आहे. तिची अर्धी कोरी राहिलेली वही घेऊन मी टीव्हीसमोर बसायचे आणि लिहायचे, कोण काय म्हणालं, कुणी प्रश्नाला बगल दिली, कोण नुसतं गोड हसलं. शेजारी सोफ्यावर शैलेंद्र डोळे मिटून पडलेला असायचा. कोपराने ढोसलं की "ऐकतोय, ऐकतोय" म्हणायचा.

मी आमच्या अल्फारेटा गावातल्याच एका डेंटिस्टच्या क्लिनिकमध्ये फ्रंट डेस्कला असते. दाढ ठणकणारा माणूस इन्शुरन्स नाही म्हणतो म्हणून गाल धरून परत जाताना मी आठवड्यातून दोनदा तरी बघते. त्यामुळे इन्शुरन्सवर जो तळमळीने बोलेल तो माझा. तसा एडवर्ड्स बोलायचा. जानेवारी उजाडेपर्यंत वहीत त्याच्या नावाभोवती मी तीन वेळा गोल केला होता.

सिया ओबामाची. तिच्या दप्तराला त्याचा बिल्ला, शाळेच्या डिबेट टीममध्ये ती, आणि घरी पोळ्या लाटताना माझ्या डोक्याशी तिचा सराव.

"आई, युवर गाय कान्ट विन," ती म्हणायची.

"जिंकणाऱ्यालाच मत द्यायचं असेल तर निवडणूक कशाला घ्यायची? नुसता निकाल वाचायचा," मी म्हणायचे. शैलेंद्र मधून गरम पोळी उचलून निघून जायचा.

पण साउथ कॅरोलायनाच्या डिबेटला ओबामा आणि त्याच्या तोडीची ती उमेदवार बाई एकमेकांवर असे तुटून पडले की तिसऱ्याला कुणी विचारेना. पुढच्या शनिवारी तिथला निकाल लागला आणि एडवर्ड्स स्वतःच्या जन्मराज्यात तिसरा आला. माझं मन तेव्हा हललं, खोटं कशाला बोलू? रविवारी सकाळी मी सियाला सांगितलं, "माझं अजून नक्की नाही. गुरुवारी अजून एक डिबेट आहे ना, ती बघून ठरवते." तिने मला मिठीच मारली.

शैलेंद्र तेव्हा गाडीत पेट्रोल भरायला गेला होता. त्याला सांगायचं राहिलं. खरं म्हणजे सांगावंसं वाटलंच नाही. आमचं मतदान पाच फेब्रुवारीला. बटण दाबणाऱ्याला चार तारखेला सांगितलं तरी पुरे, असा माझा हिशेब होता.

सोमवारी संध्याकाळी तो ऑफिसातून आला तेव्हा स्वेटरवर पीचच्या चित्राचा स्टिकर होता. जॉर्जियात मत दिल्यावर मिळतो तो.

"उरकून टाकलं," तो बूट काढत म्हणाला. "अर्ली व्होटिंग ओपन झालं ना आजपासून, तारखेच्या आधीच मत देता येतं. काउंटीच्या ऑफिसात आठच्या आधी पोचलो. लायनीत चौथा!"

हा त्याचा जुना रोग. कॉन्सुलेट, व्हिसा, बोटांचे ठसे, लायसन्स, अर्धं आयुष्य रांगांत गेलं म्हणून आता कुठेही आधी जाऊन उभा राहतो. विमानतळावर आम्ही चार तास आधी पोचतो. मुंजीला गेलो तर यजमान आंघोळीला गेलेले असतात.

"न विचारता?" माझा आवाज चढला. "कुणाला दिलंस?"

"ते सांगायचं नसतं. गुप्त मतदान असतं," आणि वर हसला.

"बाबा, यू डिडन्ट!" सिया जिन्यावरून ओरडली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात-आठ महिने मी जागून ऐकलं, लिहिलं, आणि हा डुलक्या काढणारा माणूस परस्पर मत देऊन आला. देशाने माझं नाव लटकवून ठेवलं ते ठेवलं, नवऱ्यानेही मला खड्यासारखं बाजूला काढलं असं वाटलं. मी नुसती रागावले नाही, दुखावले. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. डबा दिला, पण लोणच्याशिवाय.

बुधवारी दुपारी क्लिनिकच्या वेटिंग रूममधल्या टीव्हीवर बातमी आली. एडवर्ड्सने माघार घेतली होती. मी एका आजोबांची पुढची अपॉइंटमेंट लिहीत होते, ती दोनदा चुकीच्या तारखेला लिहिली.

घरी आले तर शैलेंद्रची गाडी आधीच दारात. तो किचनमध्ये जाकीट न काढता उभा होता. चेहरा पडलेला. सिया टेबलाशी गृहपाठ करत होती.

"दीपा, चूक झाली माझ्याकडून," तो म्हणाला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. त्याचं ते वाकडंतिकडं मराठी अक्षर. 'एडवर्ड्स. दीपाने तीन वेळा गोल केलाय.'

"स्क्रीनवर ढीगभर नावं होती. अर्ध्यांनी तर आधीच विथड्रॉ केलेलं. भलत्याच नावाला बोट लागायला नको म्हणून लिहून नेलं होतं. मंगळवारी रिझल्ट लागले की सांगणार होतो, तुझं मत पडलं म्हणून. सरप्राइज."

"पण एवढी घाई का केलीस?"

"पाच तारखेला ऑफिसात अडकलो असतो तर? माझं मत राहिलं असतं तर राहिलं असतं, यार. तुझं कसं राहू देणार?" तो खाली बघत म्हणाला. "आता वायाच गेलं ते."

सियाने माझ्याकडे बघितलं. रविवारचं फक्त तिला माहीत होतं.

मी खुर्ची ओढून बसले. "चूक तुझी नाही. माझं मन शनिवारीच हललं होतं. सियाला सांगितलं, तुला नाही."

"का नाही?"

तुला सांगायची गरज वाटली नाही, हेच खरं होतं आणि ते मी तसंच सांगितलं. त्याने मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं. मग माझ्या लक्षात आलं, की आम्ही इतके महिने या माणसाच्या दोन्ही कानांशी बोलत होतो, आणि एक साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"शैलेंद्र, तुला स्वतःला कोण हवं होतं?"

"ओबामा," तो म्हणाला. लगेच, जराही न थांबता. आणि मग या ओ की ठो न कळणाऱ्या माणसाने दहा मिनिटं कारणं सांगितली. नेवाडाच्या डिबेटला कोण काय म्हणालं, साउथ कॅरोलायनात कुणाचा मुद्दा कसा फसला, सगळं. काही तर माझ्या वहीतही नव्हतं. सियाचं पेन हातातच राहिलं.

"तू झोपायचास ना?" मी विचारलं.

"ऐकतोय म्हणायचो की."

बेचाळिसाव्या वर्षी माणसाने आयुष्यातलं पहिलं मत दिलं, स्वतःला कोण हवं ते पक्कं माहीत असताना, आणि ते बायकोचं म्हणून दिलं. मला रडू आलं. मी कणीक मळायला घेतली, पण ते काही लपलं नाही.

गुरुवारची डिबेट आम्ही तिघांनी बघितली. तो उठून बसला होता आणि बापलेक एका बाजूला होऊन माझ्याशी वाद घालत होते.

मंगळवारी सात वाजता मतदान बंद झालं आणि लगेच टीव्हीवाल्यांनी जॉर्जिया ओबामाला देऊन टाकलं. सियाने उड्या मारल्या. शैलेंद्रने तिला टाळी दिली. त्याचा माणूस त्याच्या मताशिवायच जिंकला होता. जेवणं झाल्यावर तो कॉम्प्युटरवर आकडे बघत बसला. एडवर्ड्सच्या नावापुढे दोन टक्केसुद्धा नव्हते.

"पण मोजलंय बघ," तो म्हणाला. "यात एक तुझं आहे."

"माझं नाही. ते तुझं होतं आणि मी ते घेतलं." मी वही मिटून सियाच्या दप्तरावर ठेवली. "नोव्हेंबरला तुला हवं त्याला दे. मला सांगूही नकोस."

"आणि तुझं?"

"माझं मी देईन. तोवर त्यांचं नेम चेक झालं तर."

"आणि नाही झालं तर?"

"तर तू रांगेतून येईपर्यंत मी बाहेर उभी राहीन," मी म्हणाले. "तिथे मात्र मी पहिली असेन."