तिरप्या उन्हातली अक्षरं

पौषातलं कोवळं ऊन गच्चीच्या कठड्यावर येऊन टेकलं, की जयपूरच्या झोटवाड्यातल्या आमच्या घरात खडूची एक बारीक खरखर सुरू व्हायची. खाली रस्त्यावर ऑटोवाल्यांची हुज्जत, मागच्या कारखान्यात पत्र्यावर पडणारे घाव, आकाशात संक्रांतीआधीच एकमेकांवर तुटून पडलेले पतंग, आणि या सगळ्या गदारोळाच्या कडेला ती खरखर, संथ, एकसुरी, आपल्यातच रमलेली. माझ्या सासूबाई, पंचफुलाबाई, मांडी घालून फरशीवर अक्षरं काढत बसलेल्या असायच्या. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. ऊन अजूनही त्याच वेळी येतं, आणि मीही काहीतरी निमित्त काढून वर जाऊन बसते. मग कारखान्यातले घाव ऐकते आणि वाळलेले कपडे घेऊन खाली येते.

सासरे रेल्वेत होते. अकोल्याकडून त्यांची बदली जयपूरला झाली आणि निवृत्तीनंतरही हे बिऱ्हाड इथंच राहिलं. माझा नवराही रेल्वेतच लागला, सासरे गेले, माझी मुलगी इथं जन्मली आणि 'मतलब' म्हटल्याशिवाय तिचं एकही वाक्य पुढं सरकेनासं झालं. पण आईंच्या वऱ्हाडीला या मरुभूमीचा एक कणसुद्धा चिकटला नाही. मी साताऱ्याची. लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या बोलण्यानं मी चक्रावूनच गेले होते. "आई, बाईमाणसानं 'मी जाते' म्हणायचं, 'मी जातो' नाही," असं मी एकदा शहाणपणानं सांगितलं. त्यांनी पदर खोचला, पिशवी उचलली आणि दारातून म्हणाल्या, "तू जाय जाते म्हणत. मी जातो." आणि गेल्यासुद्धा. त्यानंतर मी त्यांची भाषा सुधारायच्या भानगडीत पडले नाही, आणि खरं सांगायचं तर हळूहळू तिची मला चटकच लागली.

शाळा त्यांची चौथीपर्यंतच. ज्या वयात बायका गुडघ्यांच्या तक्रारी आणि सुनांच्या कागाळ्या यांत सुखानं रमतात, त्या वयात ही बाई रविवारी विहारात जाऊन ब्राह्मी लिपी शिकली. आमच्या बौद्ध समाजात तिला धम्मलिपी म्हणतात. नागपूरकडून कुणी शिकवणारे आले होते. बाकीच्यांचा उत्साह चहापाण्याबरोबर संपला, आईंचा संपला नाही. एवढ्या प्राचीन, कोरीव, गंभीर लिपीशी त्यांची सलगी मात्र अगदी चुलीपाशी बसल्यासारखी होती. त्या लिपीतला ठ म्हणजे निव्वळ एक वर्तुळ. तो त्यांच्या लेखी भाकर. ट म्हणजे अर्धं वर्तुळ. ती कुणीतरी खाऊन ठेवलेली भाकर. ग म्हणजे छप्पर, ब म्हणजे चौकोनी खोली. गच्चीवर गल्लीतली पोरं जमवून त्या सांगायच्या, की बाकी सगळी अक्षरं वळली, वाकली, डोक्यावर रेघा घेऊन बसली, पण ट आणि ठ ही दोघं हट्टी. एवढ्या शतकांत ओळख बुजेल इतकी बदललीच नाहीत. पोरं मारवाडी, बिहारी, आणि एक आमच्या समोरच्या तमिळ बाईंचा नातू. त्या बाई एकदा कौतुकानं आपली अक्षरं काढून दाखवायला आल्या. आईंनी डोळे बारीक करून ती बराच वेळ पाहिली आणि त्या बाईंचा हात धरून म्हणाल्या, "तुमची अन् आमची माय एकच हाय, बाई." तमिळ बाईंना वऱ्हाडी कळत नव्हती. तरी त्या दिवसापासून दोघींच्या वाट्यांची देवघेव सुरू झाली.

हे सगळं कशासाठी, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. कुचेष्टेनं नाही, मला खरंच कळत नव्हतं. त्या वेळी त्या तूर निवडत होत्या. हात न थांबवता त्यांनी जे सांगितलं, त्याचा सारांश असा, की त्यांच्या आईच्या आईपलीकडे त्यांच्या घराण्यातल्या एकाही माणसाचं नाव कुठं लिहिलेलं नाही. ना कुठल्या दस्तात, ना देवळाच्या पायरीवर, ना कुणाच्या वंशावळीत. माणसं होती, राबली, हसली, पोरं वाढवली आणि मेली; अक्षरानं त्यांना शिवून घेतलं नाही. पण जयपूरजवळ बैराटला एक खडक आहे, त्यावर एका मौर्य राजानं लेख कोरून घेतला, आणि तो लिहिताना कुणी वाचावा, कुणी वाचू नये, असलं काही त्याच्या मनात नव्हतं. म्हणजे त्या काळी कुणी तो मोठ्यानं वाचून दाखवला असेल, तर ऐकणाऱ्या गर्दीत आपलंही कुणीतरी उभं असेल. "लिवनारा आपला नसन," त्या म्हणाल्या, "पन ऐकनारा तं आपला असन ना वं?" मी कुकर लावायला उठले.

म्हणजे बैराटचा खडक स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा, एवढी एकच इच्छा या बाईनं आयुष्याच्या उत्तरार्धात धरली होती. साड्या, दागिने, तीर्थयात्रा यांतलं काही नाही. आणि नेमका डोळ्यांनीच दगा दिला. काचबिंदू. गेलेली दृष्टी परत येणार नाही, उरलेली राखायचा प्रयत्न करू, असं डॉक्टर म्हणाले. नवरा म्हणाला, उद्याच बैराटला जाऊ. पण वैशाख होता, आणि आई ऐकेनात. डोक्यावरच्या उन्हात झिजलेलं अक्षर दिसत नाही, त्याला सकाळचं तिरपं ऊन लागतं. ते खाचेत सावली भरतं आणि अक्षर वर येतं, असं त्यांना शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं. त्यामुळे हिवाळ्याशिवाय जायचं नाही, हा त्यांचाच निर्णय. ज्येष्ठाची काहिली, श्रावणातलं मळभ, आश्विनातलं पिवळंधमक ऊन, एकेक ऋतू त्या मोजून मागं टाकत गेल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतला उजेड कडेकडेनं आत आटत गेला. आधी पातेल्यांच्या कडा गेल्या, मग जिन्याच्या पायऱ्या, मग आमचे चेहरे. तिरपं ऊन आलं तेव्हा त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. फरशीवरची खरखर मात्र तेव्हाही चालू होती, फक्त अक्षरं आता एकमेकांवर चढत. मी ती पुसत नसे.

"आता कायले जायचं," असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "डोये गेले तं गेले, बोटं हायेत."

माघातल्या एका रविवारी आम्ही पहाटे निघालो. दिल्ली रस्त्यानं शाहपुरा मागं पडलं, गाडी आत वळली आणि दोन्ही बाजूंना मोहरीची शेतं लागली. इतकं पिवळं, की डोळे दिपावेत. माझ्या मनात चर्र झालं. कुणाला म्हणून हे पाहा म्हणायचं? पण आईंनी काच खाली करायला लावली आणि वारा हुंगून विचारलं, "मोहरी फुलली काय?" अंगावर नवी पांढरी साडी, केस चापूनचोपून बसवलेले, मांडीवरच्या पिशवीत आमच्यासाठी बांधून घेतलेल्या दशम्या. लग्नाला निघाल्यासारख्या त्या ताठ बसल्या होत्या.

टेकडीच्या पायथ्याशी तो खडक होता. मी काहीतरी भव्य, कोरीव, सुबक कल्पून गेले होते. आणि समोर पाहते तर हत्तीच्या पाठीसारखा करडा, पापुद्रे सुटलेला, उन्हापावसानं खरवडून काढलेला नुसता धोंडा. माझा अगदी हिरमोड झाला. नवरा गाडी लावून चहाची टपरी शोधायला गेला होता. मग ऊन हळूहळू टेकडीच्या खांद्यावरून खाली उतरलं, खडकाच्या अंगावरून आडवं सरकलं, आणि काय सांगू, जिथं काही नव्हतं तिथं रेघा दिसायला लागल्या. कुठं गोल, कुठं फुली, कुठं काटकोन. मी मोठ्यानं म्हणाले, "आई, आहे! आई, दिसतंय!" त्यांनी चपला काढल्या. माझा खांदा सोडला आणि उजवा हात पुढं केला.

"माजी, हाथ मत लगाओ!"

राखणदार धावत आला. चांगला मिशाळ, साधा माणूस, कामावर होता. पण मी आईंच्या हाताकडे पाहत होते. तो हात अधांतरी थिजला, आणि मग झटक्यात पदराआड गेला; इतक्या सराईतपणे, की तिथं विचार करायला सवडच मिळाली नसावी. लहानपणी शाळेतल्या माठापाशी त्यांनी हेच ऐकलं होतं, विहिरीवर हेच ऐकलं होतं. त्यांच्या आईनंही तेच ऐकलं होतं. नाव टिकलं नाही त्या घराण्यात, पण हात मागं घेण्याची ही चपळाई मात्र पिढ्यान् पिढ्या टिकली. माझं टाळकंच फिरलं. मी त्या माणसावर अशी काही घसरले, की सातारी, हिंदी, काय तोंडाला येईल ते.

"थांब वं," आई म्हणाल्या. आवाज अगदी शांत. "थ्याचं बराबर हाय. सगळ्यायनं हात लावला तं उरीन काय? थो दगड राखून राह्यला, मले हाकलून नाई राह्यला. फरक हाय."

एव्हाना आईंची नजर भलतीकडेच लागलेली राखणदाराच्या ध्यानात आली होती. "माजी नै दीखै कोनी?" त्यानं मला हळूच विचारलं, आणि मी मान हलवल्यावर तो बिचारा ओशाळून दोन पावलं मागं सरला. आता करायचं काय? समोर अक्षरं, दिसतात ती मला, आणि मला त्यांतलं ओ का ठो कळत नाही. कळतं त्यांना, आणि त्यांना दिसत नाही. लावायचा तर हात नाही. ऊन तर क्षणाक्षणाला वर चढत होतं.

तेवढ्यात पदराआडचा तो हात बाहेर आला आणि माझ्यासमोर उघडा झाला.

"तुले दिसते ना, मनीषा? मंग कसं दिसते थे माया हातावर काढ."

मी त्यांचा तळहात धरला. भाकऱ्या थापून रुंद झालेला, खडूनं कोरडा पडलेला हात. खडकावर जिथं रेघा त्यातल्या त्यात शाबूत होत्या ती जागा धरली आणि बोटानं गिरवायला लागले. एक उभी रेघ, तिच्या पायाशी उजवीकडे आडवी. "उ," त्या म्हणाल्या. पुढं एक आकडा, डावीकडून उंच, उजवीकडून ठेंगणा, आणि माथ्यावर उजवीकडे एक बारीक रेघ. "पा." पुढच्या जागेचा पापुद्राच उडाला होता, मी डोळे फाडफाडून पाहिलं, खाली बसून पाहिलं, काही हाती लागेना. "आई, तिसरं फुटलंय." "फुटू दे. चवथं सांग." चौथी होती अधिकची खूण, आणि तिच्या माथ्यावर डावीकडे एक बारीकशी रेघ. ती मी दोनदा गिरवली. "के," त्या म्हणाल्या.

मग त्यांचे ओठ नुसते हलत राहिले. वाऱ्यावर मोहरीचा वास होता, वर कुठंतरी मोर ओरडत होता, आणि त्यांचा तळहात माझ्या हातात अगदी स्थिर होता.

"तिसरा स असन," त्या म्हणाल्या. "दुसरा कोन असन? उपासके."

हा शब्द मला ठाऊक होता. आमच्याकडे कुणाला ठाऊक नाही? दर रविवारी विहारात बसलेल्यांना याच नावानं संबोधतात, उपासक, उपासिका; आईंना तर अख्खा झोटवाडा पंचफुलाबाई उपासिका म्हणून ओळखायचा. कुठल्या पोथीतला, संग्रहालयातला नव्हे, आमच्या सतरंजीवरचा, पायरीवरच्या चपलांपाशी ऐकू येणारा शब्द. तो या धोंड्यावर होता. मधलं एक अक्षर काळानं खाल्लं होतं आणि ते या बाईनं आपल्या पदरचं घालून पुरं केलं होतं. मला रडू आवरेना. आईंना मात्र हसू फुटलं होतं. शेजारणीचं गुपित कळलेल्या पोरीसारखं, तोंडभर.

राखणदार आता जवळ येऊन उभा राहिला होता. उन्हापावसात रोज या दगडापाशी उभा राहणारा माणूस तो, पण त्याला कुणी कधी काही सांगितलं नसावं. त्यानं फार अदबीनं विचारलं, "कांई लिख्यो छै, माजी?"

"उपासक लिखा है, भैया."

"वो कुण छै?"

"लिखवाया वो राजा," आई म्हणाल्या. राजा स्वतःलाच उपासक म्हणवतो, हे त्या मला गच्चीवर कितीदा सांगायच्या. मग ज्या तळहातावर मी अक्षरं काढली होती, तोच हात त्यांनी आपल्या छातीवर ठेवला.

"और मैं."

राखणदारानं हात जोडले, दगडाला की त्यांना, मला सांगता यायचं नाही. कुणीतरी कधीकाळी त्या खडकावरून हाक मारून ठेवली होती. आमच्या घरातल्या कितीतरी पिढ्या ती कानी न पडताच मातीआड झाल्या, ऊन येत राहिलं, तिरपं होत राहिलं, अक्षरं वाट पाहत झिजत राहिली. आई आता नाहीत. पण जाण्याआधी त्या हाकेला ओ देऊन गेल्या.