सोळाव्या होलचा आकडा

ते १९७९ साल होतं. मी तेहेतीस वर्षांची होते आणि माझ्या सख्ख्या भावाची बॅग उचलत होते. बॅग म्हणजे गोल्फची. चौदा क्लब, छत्री, चेंडू, टॉवेल, पाण्याची बाटली आणि दादाचा जादाचा स्वेटर, जो त्यानं कधी घातला नाही आणि कधी घरी ठेवूही दिला नाही.

कॅडी म्हणजे हमाल, असं बाहेरच्यांना वाटतं. उचलणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. खरं काम आकड्यांचं. चेंडू जिथे पडलाय तिथून पाणी किती, वाळूचा खड्डा किती, ग्रीनची, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीची, अलीकडची कड किती, हे खेळाडूनं विचारायच्या आत सांगता आलं पाहिजे. हल्ली डोळ्याला यंत्र लावलं की अंतर दिसतं म्हणे. तेव्हा पाय होते. स्पर्धेच्या आधी कॅडी अख्खं मैदान चालून काढायचा. गवतातल्या फवाऱ्याचं एखादं लोखंडी झाकण धरायचं, तिथून पावलं मोजायची आणि वहीत मांडायची. ज्याची त्याची वही. कॅडी एकवेळ दात घासायचा ब्रश दुसऱ्याला देईल, पण वही देणार नाही.

हे सगळं मला यजमानांनी शिकवलं. ते अकरा वर्षं दादाचे कॅडी होते. बाकीचे कॅडी त्यांना पावल्या म्हणत, कारण त्यांचं पाऊल बरोबर एक यार्डाचं पडे, चढावर असो की उतारावर. लग्नानंतर मी त्यांच्याबरोबर मैदानावर जायला लागले. ते मोजत, मी लिहून घेई. माझं पाऊल आखूड पडतं म्हणून त्यांनी एका लॉजच्या व्हरांड्यात खडूनं रेघा मारल्या आणि मला त्यांच्यावरून चालवलं, आठ दिवस. लॉजवाल्याला वाटलं, बाईला डॉक्टरनं काही व्यायाम दिलाय. शेवटी माझंही पाऊल यार्डाचं झालं. आजही बाजारात मी इतर बायकांच्या पुढे निघून जाते.

त्या वर्षाच्या सुरुवातीला शांतोबानं यजमानांना बोलावणं धाडलं. शांतोबा हा दादाच्याच वयाचा खेळाडू, पण चढत्या कमानीचा. बोलायचा इतका कमी की जिंकल्यावर लोकांना त्याच्या तोंडाकडे बघून काही कळत नसे, फळ्याकडे बघावं लागे. यजमानांनी दादाला विचारलं. दादा म्हणाला, “जा की. भलं होईल तुमचं.” आणि संध्याकाळी माझ्या खोलीवर आला.

“ठमे, बॅग तू घे.”

“मी? लोक हसतील.”

“हसू देत. हसता हसता त्यांचेच चेंडू वाकडे जातील.”

लोक हसले. कॅडींचा मुकादम पहिल्या दिवशी म्हणाला, “बाई, तुम्ही बॅग नेताय की बॅग तुम्हाला?” मी म्हटलं, “संध्याकाळी सांगते, कोण दमलंय ते बघून.” पुन्हा कुणी विचारलं नाही.

अशी आमची एका खोलीत दोन घरं झाली. यजमान शांतोबाचे, मी दादाची. खोलीत खेळाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं. त्यांची वही शर्टाच्या खिशात, माझी खिळ्यावर टांगलेल्या कॅडीच्या जाकिटात. दोन्हींमध्ये चार हात अंतर.

उन्हाळा सरेपर्यंत काही बिघडलं नाही. मग दादाला दिसायला लागलं, की जिथे मी त्याच्या हातात सात नंबरचा क्लब देते, तिथे शांतोबाच्या हातातही सात नंबर असतो. आठ तिथे आठ. क्लबचा नंबर वाढला की चेंडू कमी लांब जातो, त्यामुळे क्लब ठरतो तो अंतरावरून. एकदा सगळं मैदान नऊ नंबर मारत होतं आणि दादा आणि शांतोबा दोघंच आठ घेऊन उभे होते. चेंडू दोघांचेच नीट पडले. दादा हसला नाही. जाता जाता म्हणाला, “पाहुणे फार हुशार झालेत.”

मी म्हटलं, “तुझ्याकडे असताना मूर्ख होते का?”

“माझ्याकडे असताना वही एकच होती.”

हे वाक्य पायात काटा मोडावा तसं माझ्यात राहिलं. वर दिसत नाही, पण पाऊल टेकलं की कळतं.

मोसमाची शेवटची स्पर्धा आली तेव्हा दादा वर्षभराच्या यादीत बासष्टावा होता. पहिले साठ पुढच्या वर्षी खेळणार, बाकीच्यांनी पुन्हा चाचणी द्यायची, वीस-वीस वर्षांच्या पोरांबरोबर. दादा एक्केचाळीसचा होता. त्याचा डावा गुडघा जिना उतरताना आवाज करायचा. व्यावसायिक खेळाडू म्हणून त्याचं हे बारावं वर्ष, आणि त्याला दुसरं काहीही येत नव्हतं. या स्पर्धेत पहिल्या विसांत आला तर साठांत बसणार होता, नाही तर संपलं. तो हे कधी बोलला नाही. वहिनीच बोलली.

वहिनी त्या आठवड्यात मुद्दाम आली होती. आमच्या शेजारच्याच खोलीत उतरली. माझ्याकडे चहाला आली, खिळ्यावरच्या जाकिटाकडे बघितलं, खुर्चीवरच्या यजमानांच्या शर्टाकडे बघितलं.

“वन्सं, वाईट वाटून घेऊ नका. पण दूध आणि मांजर एका खोलीत ठेवायचं आणि मांजराच्या शपथेवर विसंबायचं, हे मला नाही जमणार.”

“वहिनी, मांजर माझा नवरा आहे.”

“तेच तर म्हणते.”

तिसऱ्या दिवशी खेळ संपवून आले, जाकीट टांगलं, खाली जाऊन कपडे धुऊन आले. वर येऊन वही काढली आणि हात थांबला. वहीला मी नेहमी रबराचा एकच वेढा देते. त्या दिवशी दोन वेढे होते. खोलीची किल्ली दोघांकडे होती, एक माझ्याकडे, एक यजमानांकडे. मी कपडे वाळत घालायला गेले तेव्हा दार नुसतं लोटलं होतं हे मला आठवलं, पण त्याकडे मी लक्ष दिलं नाही. माणसाला एकदा चोर सापडला की दार उघडं होतं का बंद, हे तो बघत नाही.

यजमान आले. मी विचारलं नाही. ते जेवले, बूट पुसले, म्हणाले, “उद्या तुझ्या दादाबरोबर आमचीच जोडी लागलीये. बघितलंस?” मला वाटलं, हे सांगताना यांचा आवाज जरा मोकळा आहे. एरवी जो आवाज मला साधा वाटला असता तो मोकळा वाटला. गप्प राहिले असते तर गप्प का म्हणून वाटलं असतं.

शेवटच्या दिवशी सकाळी ते दाढीचं गरम पाणी आणायला खाली गेले. मी वही काढली. सोळाव्या होलचं पान उघडलं. तिथे ग्रीनच्या अलीकडे तळं आहे आणि दुसरा फटका तळ्यावरून मारावा लागतो. फवाऱ्याच्या झाकणापासून पाणी पार करायला माझ्या मोजणीनं एकशे एक्कावन्न यार्ड लागत होते. मी ते खोडरबरानं पुसलं आणि लिहिलं, एकशे बेचाळीस. वही जाकिटात ठेवली आणि जाकीट मुद्दाम दाराजवळ टांगून अंघोळीला गेले.

माझा हिशेब सरळ होता. यजमानांनी वही बघितली, तर शांतोबाचा चेंडू सोळाव्यावर पाण्यात जाईल आणि मला कळेल. नाही बघितली, तर तेही कळेल. दादाला मी खरा आकडा तोंडी सांगणार होते. एक्कावन्न माझ्या डोक्यात पक्का होता. यात कुणाचं काय बिघडणार होतं?

पंधरा होल दादा असा खेळला, की मला बॅग हलकी लागत होती. फळ्यावर तो अठराव्या जागी होता. तीन होल उरले होते. नुसते सरळ खेळले असते तरी साठांत बसला असता. सोळाव्यावर दोघांचेही चेंडू झाकणाजवळ पडले, दादाचा दोन पावलं मागे, शांतोबाचा एक पाऊल पुढे. मागचा आधी मारतो. शांतोबा आणि यजमान बाजूला उभे राहिले, हाताच्या अंतरावर म्हणा ना.

मी म्हटलं, “पाणी पार करायला एक्कावन्न, वर दोन. सात नंबर.”

दादानं माझ्याकडे बघितलं, मग यजमानांकडे बघितलं. दिवसभर त्यानं माझं सगळं ऐकलं होतं. इथेच काय झालं कोण जाणे. पाणी समोर होतं म्हणून असेल, किंवा मी बोलताना यजमानांकडे नजर टाकली असेल. टाकली होतीच.

“तोंडी नको. वही दे.”

“दादा, मी सांगते ना.”

“वही दे, ठमे.”

त्यानं माझ्या जाकिटातून वही स्वतःच काढली. पान उघडलं. आकड्यावर बोट ठेवलं.

“वहीत बेचाळीस आहे.”

“वहीतला चुकलाय. एक्कावन्न खरा.”

“तुझा आकडा चुकतो? चालून मोजलेला?” त्याचा आवाज खाली आला. “वहीत एक, तोंडात एक. खोटा कुठला आणि कुणासाठी, तेवढं सांग.”

मला एकच वाक्य बोलायचं होतं. नवऱ्याला पकडायला मी तो लिहिला. पण नवरा तिथेच उभा होता, हातात टॉवेल घेऊन, आमच्याकडे न बघता. इतक्या जवळ की मला त्यांच्या साबणाचा वास येत होता. ते वाक्य त्यांच्या कानावर गेलं असतं. तीन श्वास गेले असतील. दादाला तेवढे पुरले. मी गप्प म्हणजे मी खोटी, आणि वही खरी.

त्यानं आठ नंबर स्वतः ओढून काढला.

फटका इतका सुरेख होता, की लोकांनी टाळ्या सुरू केल्या होत्या. चेंडू पलीकडच्या काठाच्या हातभर अलीकडे पाण्यात पडला. टाळ्या मधेच बंद झाल्या.

मग यजमान झाकणाजवळ गेले. स्वतःची वही उघडली आणि शांतोबाला हळू म्हणाले, “पार करायला एक्कावन्न. तू पुढे आहेस, पन्नास धर. सात नंबर.” शांतोबाचा चेंडू होलमधल्या झेंड्यापासून आठ-दहा फुटांवर थांबला.

मी ते ऐकलं. दादानंही ऐकलं. तो माझ्याकडे वळलासुद्धा नाही. बॅगेतून नवा चेंडू घेतला, एवढंच.

सोळाव्यावर त्याचे चाराऐवजी सहा फटके झाले. पुढचे दोन होल तो नीट खेळला. एका फटक्यानं पहिल्या विसांच्या बाहेर गेला आणि यादीत एकसष्टावा आला.

क्लबच्या मागे बुटांचा चिखल काढायचे ब्रश लावलेले असतात, तिथे मी सगळं सांगितलं, दादाला आणि यजमानांना एकदमच. वहिनीही होती. रबराच्या दोन वेढ्यांपर्यंत आले तेव्हा वहिनी म्हणाली, “ते मी. काल तुम्ही खाली होतात तेव्हा. वहीत तुमच्या यजमानांनी हात घातल्याची काही खूण सापडते का, ते बघत होते.”

“सापडलं?” दादानं विचारलं.

“नाही.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“न सापडल्याचं काय सांगायचं?” वहिनी म्हणाली आणि रडायला लागली.

दादानं यजमानांना विचारलं, “पण क्लब सारखे कसे पडायचे, पाहुणे? सांगा मला. वर्षभर.”

यजमान म्हणाले, “हिला चालायला मी शिकवलं, दादा. माझ्याच पावलांनी ही मोजते. मैदान एक, पाऊल एक. आकडे वेगळे कुठून यायचे?”

इतकं साधं होतं. आम्हा तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. दादा बुटांना ब्रश करत राहिला, बूट केव्हाच स्वच्छ झाले होते. मग क्लब नसलेली बॅग उचलावी तशी ती भरलेली बॅग त्यानं स्वतः खांद्याला लावली आणि गाडीकडे गेला.

परतताना यजमान म्हणाले, “किती होलचे आकडे बदलले होतेस?”

“एकाच.”

“म्हणजे सतरा होल माझ्यावर विश्वास होता,” ते म्हणाले. ते थट्टा करत होते का, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि नंतर विचारायचा धीर झाला नाही.

शांतोबा पुढे दोन मोठ्या स्पर्धा जिंकला आणि तसाच गप्प निवृत्त झाला. सोळाव्यावर त्यानं सगळं ऐकलं होतं, पण कुठे बोलला नाही. यजमान त्याच्याकडे आणखी नऊ वर्षं होते. मग कंबर धरली म्हणून सोडलं. त्यांना जाऊन आता चौदा वर्षं झाली. माझ्याशी ते शेवटपर्यंत चांगलेच वागले. मीच त्यानंतर त्यांच्या शर्टाला इस्त्री करताना खिसा रिकामा आहे का, हे त्यांनाच बघायला सांगे. मी बॅग पुन्हा उचलली ती एका स्त्री खेळाडूची, सहा वर्षं. नंतर कॅडींची मुकादम झाले. एका घरातली दोन माणसं मी एका जोडीत कधी लावली नाहीत. कुणी कारण विचारलं तर म्हणे, नियम आहे. तो नियम माझाच होता.

दादानं पुढच्या वर्षी चाचणी दिली, त्याच्या पुढच्या वर्षीही दिली. मग एका सराव मैदानावर शिकवायला लागला. शिकवायचा छान, असं लोक सांगत. माझ्याशी चार वर्षांनी बोलला. वहिनीचं ऑपरेशन झालं तेव्हा डब्याचं कसं करायचं, हे विचारायला त्यानं फोन केला. पुढे येणं-जाणं सुरू झालं. त्या दिवसाचा विषय त्यानं कधी काढला नाही, मीही काढला नाही.

तो गेला तेव्हा वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यात लिहिलं होतं, बारा वर्षं व्यावसायिक खेळाडू. वहिनीनं ते कात्रण माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, “बरोबर आहे ना?” मी बरोबर आहे म्हटलं. तिनं ते घडी करून पर्समध्ये ठेवलं, आणि आम्ही दोघी आलेल्या माणसांसाठी चहा करायला उठलो.