काळी पट्टी

तो दिवा मीच झाकला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच सगळं लॅकीच्या डोक्यावर फुटायला नको.

आमच्या वणवा-दलाच्या ऑफिसात माझ्या टेबलाशेजारी एक कपाट आहे, त्यात सर्व्हर; दलाची हजेरी, नकाशे, सगळं त्यावरच. सर्व्हरमध्ये दोन डिस्क, एक वर, एक खाली. एकीवर जे लिहिलं जाईल तेच त्याच क्षणी दुसरीवर. जुळ्या बहिणी म्हणा ना. एक गेली तरी दुसरी काम चालू ठेवते.

मार्चमध्ये खालच्या डिस्कचा दिवा नारिंगी झाला आणि कपाट किंचाळायला लागलं. शहरातल्या कंपनीला फोन केला, तर तिथला माणूस म्हणाला, "आवाजाचं बटण दाबा, कुणाला तरी पाठवतो." आवाज थांबला, पण दिवा दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर लुकलुकायचा. आठवडाभर सोसलं आणि मग त्यावर काळी चिकटपट्टी लावली. डोळ्याआड सृष्टी! कंपनीचं कुणी आलं नाही, आणि मीही परत फोन केला नाही. काम तर सगळं सुरळीत चाललं होतं.

जुलैच्या पुरात घळीतल्या ओढ्यावरचा लाकडी पूल वाहून गेला. नकाशात त्या जागी लाल फुली मीच मारली. परगावची गाडी मदतीला आली तर तिच्या पडद्यावर हाच नकाशा दिसतो, आणि तोच वाट दाखवतो. धुरात दुसरं दिसतंय काय?

नोव्हेंबरात, आमच्याकडचा उन्हाळा तोंडावर आलेला असताना, एका सोमवारी कंपनीचा लॅकी नवा प्रोग्रॅम बसवायला आला.

"नोरीन, आज आरसा फोडायचाय," तो म्हणाला.

"मेल्या, शुभ बोल की जरा. आरसा फुटला की सात वर्षं भोगावं लागतं."

"अगं, आम्ही तसंच म्हणतो. या दोघी एकमेकींचा आरसा. एक काढून ड्रॉवरमध्ये ठेवायची, दुसरीवर नवं बसवायचं. बिघडलंच तर काढलेली आहे हाताशी. या खालचीवर पट्टी लावलीयस, म्हणजे हीच आत ठेवायची ना?"

मी सॉसेज रोल गरम करत होते. "हो, हो," म्हणाले. त्यानं काय विचारलं ते नीट ऐकलंसुद्धा नाही.

वरची डिस्क ड्रॉवरमध्ये गेली. सर्व्हर सुरू होताना पडद्यावर कसलासा प्रश्न आला. "असं विचारतंच ते," म्हणत लॅकीनं 'हो' दाबलं. तासाभरात सगळं चालू झालं. गुरुवारी येऊन दोघींची जोडी परत लावतो म्हणाला. मधले दिवस शांत गेले, यादी-नकाशा उघडायची वेळच आली नाही.

गुरुवारी सकाळपासून उत्तरेचं वारं सुटलं, वाळवंटावरून येणारं, तोंड भाजून काढणारं. लॅकीनं वरची डिस्क जागेवर बसवली. "आता खालचीवरचं सगळं हिच्यावर उतरेल. चार-पाच तास लागतील."

मी हजेरीची यादी उघडली. चहापाण्याच्या ड्यूटीवर मेव्ह डूलीचं नाव. मेव्हला मे महिन्यात आम्ही माती देऊन आलो.

लॅकी हसला. "बोलाव की तिला. फार दिवस सुट्टी झाली."

मला हसू आलं नाही. मला भीती वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. पश्चिमेच्या रानात आग लागली होती. शेजारच्या गावची गाडी मदतीला निघाली, आणि ती गाडी माझी टेस चालवते. लग्न होऊन ती तिकडे गेली, त्याला दोन वर्षं झाली. गाडीत आणखी तिघं होते. तिचा निळा ठिपका माझ्या पडद्यावर सरकू लागला आणि मोठा रस्ता सोडून घळीकडे वळला.

घळीकडे का? मी नकाशा मोठा केला. ओढा होता. ओढ्यावर पूल होता. फुली नव्हती.

"लॅकी, माझी फुली कुठंय? पुलावरची?"

तो नकाशाकडे बघत राहिला, मग कपाटाकडे. "नोरीन, ती पट्टी तू कशासाठी लावली होतीस?"

"दिवा डोळ्यात जायचा म्हणून."

"कुठल्या रंगाचा?"

"नारिंगी. मार्चपासून."

त्यानं पट्टी ओढून काढली. "म्हणजे मार्चपासून खालचीनं काही लिहिलेलंच नाही. नंतरचं सगळं फक्त वरचीवर होतं."

"मग वरची लाव ना!"

"वरचीवरच तर उतरवतोय मी. सकाळपासून पुसली जातेय ती."

मी रेडिओ उचलला. "टेस! मागे फीर! पूल नाहीये!"

नुसती खरखर. मग तुटक तुटक तिचा आवाज. "आई, ऐकू येत नाही गं... धूर फार आहे... नकाशात रस्ता मोकळा दाखवतोय, तू काळजी नको क—"

घळीत रेडिओ लागत नाही, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. ठिपका उपग्रहावरून येतो, त्याला डोंगर आडवा येत नाही. लॅकी टेसच्या मागून निघालेल्या गाड्यांना फोन लावत होता. मी त्या मुक्या रेडिओत लेकीच्या नावानं ओरडत होते.

ठिपका ओढ्यापाशी आला. पुलावर चढला. मधोमध जाऊन थांबला.

त्याला आता वीस मिनिटं झाली. पडद्यावर माझी टेस अजून पुलावरच उभी आहे.