मोहसरची लेकुरवाळी

रघुनाथराव बोरसे संग्रहालय पाहायला निघाले की त्यांच्या पिशवीत पोलादी टेप, बॅटरी आणि एक जुना टॉवेल असे. टॉवेल जमिनीवर अंथरून गुडघे टेकायला. त्यांच्या पत्नी सखुबाईंच्या पिशवीत ओटीचे सामान असे. खण, नारळ, हळकुंड, सुपारी आणि तांदूळ. ती पिशवी भरलेली जाई आणि भरलेलीच सुरतजवळच्या उधन्याला, घरी परत येई. तांदूळ मात्र त्या दर खेपेला नवे घेत. "मायले जुना तांदूळ देवाना नही," असे त्यांचे घरच्या अहिराणीत ठरलेले उत्तर होते.

धुळे झाले, बडोदे झाले, भरूच झाले. एका शाळेच्या व्हरांड्यात कुणी हौशी शिक्षकाने मांडलेले दगडही पाहून झाले. सगळीकडे एकच शोध चालू होता: मोहसरची लेकुरवाळी माय.

मोहसर हे त्या दोघांचे तापीकाठचे गाव. उकाईचे धरण बांधले गेले तेव्हा ते पाण्याखाली गेले. गावाबाहेर चौथऱ्यावर माय उभी होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराने ती अशी मढली होती की नाक कुठे आणि हात कुठे हे कुणालाच सांगता आले नसते. चांदीचे दोन डोळे आणि दोन्ही खांद्यांवर एकेक शेंदरी गोळा, एवढेच दिसे. ते गोळे म्हणजे मायने खांद्यावर घेतलेली लेकरे. म्हणून ती लेकुरवाळी, आणि म्हणून पंचक्रोशीतल्या मूल नसलेल्या बायका तिच्याकडे येत.

सखुबाईही गेल्या होत्या. लग्नाला सात वर्षे होऊन कूस रिकामी होती. 'पोर दे; त्याचं जाऊळ तुझ्यापुढं काढीन, तुझी ओटी भरीन,' असा नवस त्या बोलल्या आणि योगेश झाला. जाऊळ तिसऱ्या वर्षी काढायचे ठरले होते. त्याआधीच गाव उठले. लोक बाहेर पडल्यावर सरकारी ट्रक येऊन जुने कोरीव दगड घेऊन गेला. त्यात माय गेली, असे काही जण म्हणत. मायने जागा सोडली नाही, ती पाण्यात उभी आहे, असे बाकीचे म्हणत. डोळ्यांनी कुणीच पाहिले नव्हते. योगेशचे जाऊळ शेवटी उधन्याच्या एका न्हाव्याने काढले.

एकोणिसाव्या वर्षी योगेश काविळीने गेला. त्यानंतर सखुबाई एकच वाक्य बोलू लागल्या. रडत नव्हे, तांदूळ निवडताना, कपडे वाळत घालताना, अगदी हिशेबी आवाजात: "मायनं देणं राही गयं." मायचे देणे राहून गेले म्हणून पोर गेला, असा त्याचा अर्थ.

रघुनाथराव धुळ्याच्या तंत्रविद्यालयात शिकलेले, कापड गिरणीत यंत्रदुरुस्ती खात्याचे फोरमन म्हणून निवृत्त झालेले. बिघाडाला कारण असते आणि कारण सापडते, यावर त्यांचे आयुष्य उभे होते. त्यांनी बायकोला दूषित पाणी, यकृत, सगळे आकृती काढून समजावले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि ती म्हणाली, "पानी ते सगळासनी पिधं."

पाणी तर सगळ्यांनीच प्यायले होते. तेव्हा त्यांनी ठरवले की दगड शोधायचा. तो सापडला, ओटी भरली गेली, की ते वाक्य थांबेल.

शहाण्णव सालच्या हिवाळ्यात सुरतेच्या नानपुऱ्यातल्या एका ट्रस्टच्या लहानशा संग्रहालयाने वर्षानुवर्षे कोठारात पडलेल्या मूर्ती नव्या दालनात मांडल्याचे त्यांनी ऐकले. रविवारी दोघे गेले. संग्रहपाल जरीवाला यांनी स्वतःच स्वागत केले.

"आवो काका, आवो मासी! रविवारी इथे कोण येतं? सगळी सुरत डुमसच्या समुद्रावर भजी खायला जाते." पन्नाशीचा, चष्मा गळ्यात अडकवलेला हा माणूस हिंदी-गुजराती मिसळून बोलत होता आणि पाहुण्यांमुळे खरोखर खूश झाला होता.

रघुनाथरावांनी पहिल्या मूर्तीपाशी टेप काढला. सखुबाई म्हणाल्या, "व्हयनं सुरू! मायना झंपर शिवाना शे का तुमले?"

"मासी काय म्हणतात?" जरीवालांनी विचारले.

"मी शिंप्याचा धंदा काढलाय म्हणते," रघुनाथराव म्हणाले आणि टेप ताणून धरला. मायच्या बैठकीची रुंदी त्यांना पाठ होती, कारण तिला एकदा त्यांनीच दुरुस्त केले होते. शिक्षण संपवून गावी आले त्या वर्षी बैठकीला मागून तडा गेला होता. त्यांनी तापवलेले शिसे ओतून तो बुजवला आणि कार्यशाळेतल्या सवयीप्रमाणे वर पोगराच्या पोलादी टोकाने तीन ठिपके ठोकले. तेव्हा भाता चालवायला नवी नवरी सखुबाईच होती.

तीन मूर्ती मापात बसल्या नाहीत. चौथी दालनाच्या कोपऱ्यात, भिंतीला जवळजवळ टेकून उभी होती. काळसर, तुकतुकीत, अतिशय सुबक. जरीवालांचा आवाज बदलला.

"हा आमचा दागिना. सूर्यनारायण. आणला तेव्हा नुसता शेंदराचा ढीग होता, काका! पापुद्र्यामागून पापुद्रा काढत दीड वर्ष घालवलं. आणि आत बघा काय निघालं. हे उंच बूट पाहिलेत? असे बूट आपल्याकडे सूर्यालाच घालतात. आणि ही खांद्यांपाशी दोन कमळं, दोन्ही हातांतली."

सखुबाईंनी पदर तोंडाला लावला. "बूट! योगेशना बाप, चला पुढे. हाऊ ते बाप्या शे."

रघुनाथराव पुढे गेले नाहीत. त्यांची नजर कमळांवर खिळली होती. दोन्ही खांद्यांपाशी एकेक, मुठीएवढे. त्यांनी बैठकीला टेप लावला. मग पुन्हा एकदा लावला. मग टॉवेल अंथरला, आडवे झाले आणि भिंत व दगड यांच्यामधल्या फटीत बॅटरी धरली.

शिसे तिथे होते. मळकट, तड्याच्या वळणाने गेलेले. वरच्या टोकाला तीन ठिपके.

शोध संपला होता. गिरणीत महिनोन्‌महिने छळणारा बिघाड सापडला की ते उठून हात झटकत. इथे ते पडूनच राहिले. दगडापलीकडून सखुबाईंचा आवाज येत होता. त्या मोडक्या हिंदीत जरीवालांना विचारत होत्या, "साहेब, वो शेंदूर किधर डाला?"

"शेंदूर? तो कचऱ्यात गेला, मासी. त्याचं काय ठेवायचं?"

"सगळा?"

"चार बादल्या निघाला."

मग सखुबाई स्वतःशीच म्हणाल्या, "कोना गावनी माय व्हई बिचारी. त्या बाया आते कोनले हात जोडतीन?"

त्या दुसऱ्याच कुठल्या बायकांसाठी हळहळत होत्या. रघुनाथरावांनी बॅटरी बंद केली. हा दगड आपलाच, असे सांगायला एक वाक्य पुरे होते, आणि त्या वाक्याबरोबर बायकोला हेही सांगावे लागणार होते की सात वर्षे वाट पाहून तू ज्या लेकरांकडे बघत पोर मागितलेस ती फुले होती. तू ज्या मायचे देणे मानतेस ती कधी नव्हतीच. जिला तुझा हात लागला होता ती चार बादल्यांतून बाहेर गेली.

"कंई मळ्युं, काका?" काही सापडले का, असे जरीवालांनी वाकून विचारले.

"नाही. धूळ आहे नुसती."

ते उठले. सखुबाईंनी त्यांच्या सदऱ्यावरचे जाळे झटकले आणि हळूच विचारले, "शिसं शे का?"

"नही."

पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी या बाईला चुकीचे माप कधी सांगितले नव्हते. तिनेही पुन्हा विचारले नाही.

जरीवाला मात्र त्यांना सोडायला तयार नव्हते. माप घेणारा, तापीकाठच्या गावांची नावे सांगणारा असा माणूस त्यांना प्रथमच भेटत होता. मूर्तीशेजारच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर त्यांनी बोट ठेवले. 'प्राप्तिस्थान: तापी खोरे, गाव अज्ञात.' "तेव्हाचे कागद कुठे गेले कुणास ठाऊक. काका, तुम्ही त्याच भागातले. ही कुठली असेल, काही अंदाज? गावाचं नाव कळलं तर मी पितळी पाटीवर कोरून घेईन. मग ते नाव इथून कुणी काढणार नाही."

मोहसर हे नाव आता कुठेच नव्हते. एसटीच्या फलकावरून ते गेले, नकाशावरून गेले. पुनर्वसनाच्या वस्तीला नुसता क्रमांक मिळाला. योगेशच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव म्हणून ते लिहिले होते, आणि योगेशही गेला होता. रघुनाथरावांच्या जिभेवर नाव आले. बायको दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

"नाही साहेब," ते म्हणाले. "आमच्याकडची नाही ही."

एकट्याने परत येऊन सांगावे, हा विचार दारापर्यंत त्यांच्या बरोबर आला. पण पाटी लागली की उधना-भेस्तान भागातली मोहसरची माणसे नारळ घेऊन इथे लोटतील, आणि त्यातले कुणीतरी घरी येऊन सखुबाईला बूट आणि कमळे सांगेल. तो विचार त्यांनी दारातच ठेवला.

रस्त्यावर आल्यावर सखुबाई म्हणाल्या, "मंग माय पानीमाच शे."

"असंच दिसतंय."

"एवढी गावं फिरवं तुम्ही माले. ती जागा सोडनारी नही, मी कव्हयनी सांगी राहिंतू." त्यांच्या चालण्यात एक हलकेपणा आला होता. तो पाहून रघुनाथरावांना बरे वाटायला हवे होते.

पुढच्याच आठवड्यात ते उकाईला गेले. मोहसरचाच हिलाल तिथे मासेमारी करत असे. त्याने होडी काढली. "काका, कोठे थांबू?" पाण्याच्या मधोमध आल्यावर त्याने विचारले.

रघुनाथरावांनी दोन डोंगरांची टोके एका रेषेत येऊ दिली. मग डावीकडच्या खिंडीशी ती रेषा जुळवली, होडी थोडी मागे घ्यायला लावली आणि म्हणाले, "इथं." जागा त्यांनी खोटी दाखवली नाही. खाली, बरोबर त्या होडीखाली, रिकामा चौथरा होता.

सखुबाईंनी पाण्याला हळदकुंकू वाहिले. ओंजळीतले तांदूळ सोडले. ते चमकत खाली गेले. खण थोडा वेळ पसरून तरंगला, भिजला, आणि एका कडेने बुडाला. शेवटी त्यांनी नारळ सोडला.

नारळ बुडेना. त्यांनी तो हाताने खाली दाबला. हात काढताच तो उसळून वर आला. दुसऱ्यांदाही तसेच झाले. हिलाल तोंड फिरवून वल्ह्याशी काहीतरी करत राहिला. नारळ हळूहळू होडीपासून लांब गेला.

"लिधी ना मायनी ओटी?" सखुबाईंनी विचारले.

"लिधी," रघुनाथराव म्हणाले.

हिलालने होडी परत वळवली. काठाला लागल्यावर रघुनाथराव आधी उतरले आणि त्यांनी हात पुढे केला. सखुबाईंनी तो धरला, पण उठल्या नाहीत. रिकामी पिशवी त्यांच्या मांडीवर घडी करून ठेवलेली होती.

"देणं ते फिटनं," त्या म्हणाल्या. "आते तो कसामुळे गया म्हनू मी?"

रघुनाथराव त्यांचा हात धरून पाण्यात उभे राहिले.