ओल्या हातमोज्यांची चाचणी

लोकांनी जीव ओतून बनवलेल्या वस्तूत खोट काढायची, हेच तिचं काम. ऑपरेशन करणारे रोबोट जिथे तयार होत, त्या कारखान्यात ती त्यांची सुरक्षा तपासायची. माघारी सगळे तिला ‘खुसपट’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडायचंही.

यंत्र असं, की पोटाला चार लहान भोकं पाडायची, त्यांतून यंत्राचे चार हात आत सोडायचे आणि सर्जनने पलीकडे बसून ते चालवायचे. उत्तम! पण मध्येच बंद पडलं तर? तर चारही हात एका मिनिटाच्या आत सोडवून बाजूला करता आले पाहिजेत, म्हणजे सर्जनला पेशंटपर्यंत पोचता येईल. त्यासाठी प्रत्येक हाताला एक खटका. खुसपटने रबरी पोटावर हे दोनशे वेळा करून घेतलं होतं. पस्तीस सेकंद, फार तर चाळीस. कागदावर ‘पास’ लिहून झालं होतं, सही तेवढी राहिली होती.

शेवटी एकदा बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायचं, असा नियम. म्हणून एका हॉस्पिटलातून ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, मोठ्या सिस्टर आल्या. निवृत्तीला दोन महिने उरलेले, आवाज असा की सर्जननेही सरळ उभं राहावं. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली. दिवे लख्ख, फरशी कोरडी, सगळ्यांचे हातमोजे कोरे करकरीत. सिस्टर हसल्याच.

“काय गं पोरी, तुमच्याकडे पेशंटला रक्त नसतं वाटतं?”

कुणाला काही कळेना. सिस्टरनी घमेलंभर पाणी मागवलं, त्यात साबण कालवला, हातमोज्यांसकट दोन्ही हात बुडवले आणि म्हणाल्या, “लाव घड्याळ.”

पहिला खटका बोटांतून निसटला. पुन्हा निसटला. तो खटका कसा गुळगुळीत आणि देखणा, डिझाइनवाल्यांना त्याचं कोण कौतुक! चौथा हात सुटला तेव्हा दोन मिनिटं दहा सेकंद झाली होती.

अहो, दोनशे वेळा! दोनशे वेळा या शहाण्यांनी कोरड्या हातांनी खटके दाबले, आणि खोट काढण्यात जिचा हात कुणी धरणार नाही, तिच्याही डोक्यात हे आलं नाही. तिचे कान लाल झाले.

“ओले हात कुठल्या नियमात लिहिलेत?” साहेब वैतागले. साहेब काही वाईट माणूस नव्हता, पण यंत्र पंधरा दिवसांत बाहेर पडायचं होतं आणि वरच्यांनी त्याचा पिच्छा पुरवला होता. “तू सही कर. खटक्याचं पुढच्या वेळी बघू.”

सिस्टर हात पुसत उभ्या राहिल्या. खुसपटने पेन काढलं, ‘पास’वर आडवी रेघ मारली आणि लिहिलं : ‘नापास. ओल्या हातमोज्यांनी खटका निसटतो.’

खटका बदलायला पाच महिने गेले. नवा रुंद, खाचांचा आणि दिसायला अगदी ओबडधोबड. डिझाइनवाले तिच्याशी बोलेनात, साहेब कामापुरतं बोलत.

पुढच्या वर्षी तिच्या बाबांच्या मूत्रपिंडात गाठ निघाली. बाबांचं केस कापायचं दुकान होतं. डॉक्टरांनी रोबोटचं नाव काढलं तसे ते लेकीकडे वळले.

“हे तुमच्याकडचंच का गं?”

“हो.”

“तू तपासलंयस?”

“हो, बाबा.”

“मग झालं तर! चाळीस वर्षं लोकांनी माझ्या वस्तऱ्याखाली गळा दिला. मी तुझ्या यंत्राखाली पोट दिलं तर काय बिघडलं?”

बाबा हसत होते आणि इकडे ती मनातल्या मनात एकेक चाचणी पुन्हा मोजत होती.

ऑपरेशनच्या दिवशी ती सकाळपासून बाकावर जीव मुठीत धरून बसली. दुपारी सर्जन आणि ओटीतली एक तरुण सिस्टर बाहेर आल्या.

“यंत्र मध्येच थांबलं,” सर्जन म्हणाल्या. “नेमकं रक्त सुरू झालं तेव्हाच. यंत्राचे हात काढून, पोट उघडून पुढचं करावं लागलं. आता बाबा ठीक आहेत. गाठ पूर्ण निघाली.”

“हात काढायला किती वेळ लागला?” तिच्या तोंडून निघून गेलं.

“वेळ कसला?” सिस्टर म्हणाली. “खटाखट निघाले. अर्धं मिनिटसुद्धा नाही. माझे हात रक्तानं माखले होते, पण ते खटके काही घसरत नाहीत.”

दार ढकललं की उघडतं, अशा सुरात ती बोलली. तिला काय ठाऊक! खुसपट ओक्साबोक्शी रडायला लागली. सर्जन बिचाऱ्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या, अहो, ठीक आहेत ते, खरंच ठीक आहेत.

यंत्र का थांबलं, ते ती शोधून काढणारच होती, सोडते कसली! पण ते उद्या. संध्याकाळी बाबा शुद्धीवर आले, पाणी मिळेना म्हणून कुरकुरले, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. मग व्हरांड्यात येऊन तिने मोठ्या सिस्टरना फोन लावला. आता त्या निवृत्त होऊन घरी होत्या. तिने सगळं सांगितलं.

“तुमच्यामुळे माझे बाबा आहेत, सिस्टर. तुमचे उपकार कसे फेडू?”



“पोरी,” सिस्टर म्हणाल्या, “छत्तीस वर्षं मी सांगत आले. हे घसरतं, ते अडकतं, हे हाताला येत नाही. सगळे ‘हो सिस्टर, हो सिस्टर’ म्हणायचे आणि विसरून जायचे. कागदावर लिहून घेतलंस ते तू पहिली.” त्यांचा तो दणदणीत आवाज कापरा झाला होता. “आभार तू कसले मानतेस? मी मानते तुझे. जा, बाबांजवळ बस.”