सातवी टाचणी

टेलरमास्तरांना बावन्नाव्या वर्षी अक्कलदाढ त्रास द्यायला लागली आणि बायकोला आयतंच कोलीत मिळालं.

"उशिरा का होईना, आली म्हणायची!" ती म्हणाली.

मास्तर हसले नाहीत. हसायला गाल हलवावा लागतो आणि डावा गाल लिंबू ठेवल्यासारखा टम्म फुगला होता. दातांच्या डॉक्टरांनी तीन दिवसांपूर्वीच सांगितलं होतं, दाढ आडवी आहे, काढूनच टाकू, उद्या या. पण ऐकतील तर ते मास्तर कसले! "हातातलं काम संपू दे," म्हणाले आणि घरी आले. मग मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या झाल्या, फडक्यात बर्फ गुंडाळून झाला, दाढेखाली लवंग धरून झाली. शेजारच्या इस्त्रीवाल्याने कान शेकायला सांगितला, तर तोही शेकला. दुखणं मात्र हटून बसलं होतं. उठलं तरी ठणका, बसलं तरी ठणका, आडवं पडलं की दुप्पट. मास्तर रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर आणि सकाळी सहालाच दुकान उघडून मशीनवर.

आणि हातातलं काम म्हणजे तरी काय? वीतभर कोट. आत कापूस, वर मऊ पिवळं कापड, दोन छोटे खिसे. पाच दिवसांच्या बाळाला खिसे कशाला लागतात, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. मास्तरांची एकुलती एक मुलगी बाळंत झाली होती आणि आज दुपारी हॉस्पिटलातून घरी जाणार होती. तिच्या घरी, यांच्या नव्हे. दोन वर्षं बापलेकीत एक शब्द नव्हता.

झालं होतं ते एवढंच. लेकीचा हात बापाच्या वरताण होता, दुकान ती चालवील असं मास्तरांनी मनात पक्कं धरलं होतं. तिने एक दिवस लिफ्ट दुरुस्त करणारा एक मुलगा दुकानात आणून उभा केला आणि म्हणाली, "बाबा, आम्ही लग्न करतोय. दुसऱ्या गावी राहणार." मास्तर एका गिऱ्हाइकाच्या पँटची खालची पट्टी टाचत होते, तोंडात टाचण्या. त्यांनी "हूं" केलं आणि पुन्हा पट्टीवर वाकले. अर्धा तास ती दोघं उभी होती. गिऱ्हाईक बिचारं लाजून मेलं, पण मास्तरांनी टाचण्या तोंडातून काढल्या नाहीत. लेक गेली ती गेलीच. आता नोकरीसाठी दोघं याच गावात परत आली होती, तरी या दुकानाची पायरी तिने चढली नव्हती. मग चार दिवसांपूर्वी आईला तिने सहज विचारलं, "बाबा बाळाला काही शिवतील का गं?" ते ऐकल्यापासून मास्तरांना दाढ आणि लेक या दोन्हींनी झोपू दिलं नव्हतं.

औषधाच्या दुकानदाराने हिरडी बधिर करायचं मलम दिलं होतं. "मटारच्या दाण्याएवढंच लावा हं, मास्तर." मास्तरांनी सकाळपासून तीन वेळा लावलं आणि तिसऱ्या वेळी तर बोटभर. अर्ध्या तासात ओठ, गाल, अर्धी जीभ, सगळं लाकूड झालं. दुखणं थांबलं! मास्तरांचे हात असे काही चालले की बाराच्या ठोक्याला कोट तयार. बायकोने तो पिशवीत घातला आणि ती लगबगीने निघाली.

"तुम्ही पण चला की," दारातून ती म्हणाली.

मास्तरांनी नुसती मान हलवली. बोलावल्याशिवाय जायचं कोणत्या तोंडाने?

तर आता घोळ काय झाला तो ऐका. नाजूक कापडासाठी मास्तरांकडे एक छोटी डबी होती. तिच्यात बारीक, आखूड अशा सातच टाचण्या. सातही ओठांत धरायच्या, टाचायचं, शिलाई पुढे जाईल तशी एकेक काढून परत ओठांत. काम संपलं की जिभेच्या टोकाने मोजायच्या आणि मगच डबीत. तीस वर्षांत ही मोजणी चुकली नव्हती. पण आज जीभच जागेवर नव्हती. ओठांतलं होतं ते मास्तरांनी मुठीत घेतलं आणि डबीत टाकलं.

गुळणी करून ते परत आले, डबी बंद करायला गेले आणि सहज नजर गेली. सहा.

पुन्हा मोजल्या. सहा. डबी उपडी केली, बोटाने चाचपली. सहाच!

मास्तरांची पाचावर धारण बसली. लोहचुंबक घेऊन त्यांनी अख्खी जमीन पालथी घातली. टेबलाखाली, मशीनच्या पायडलखाली, चिंध्यांच्या पोत्यात. मोठ्या टाचण्या अकरा मिळाल्या, दोन मोडक्या सुया मिळाल्या, ती एक नाही. म्हणजे कोटात. कापसात. आणि कोट पाच दिवसांच्या जिवाच्या अंगावर!

बायकोला फोन लावला, तर तो इस्त्रीच्या टेबलावरच वाजला. बाईसाहेब विसरून गेल्या होत्या. लेकीचा नंबर? तो मास्तरांनी दोन वर्षांपूर्वी रागाच्या भरात पुसून टाकला होता. बायकोचा फोन उघडायचा कसा ते ठाऊक नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कात्री आणि डबी खिशात टाकली, दुकान उघडं टाकलं आणि मास्तर धावत सुटले.

बस मिळाली, पण ती प्रत्येक थांब्यावर रेंगाळायची. मास्तर उभे, मग बसले, पुन्हा उभे. एका बाईंनी त्यांचा गाल बघून बर्फ लावायचा सल्ला दिला. मास्तरांना ओरडावंसं वाटलं. बाळाला उचलून छातीशी धरलं असेल. धरलं की टोचणार. पोर रडणार, आणि लेकीला वाटणार भूक लागली, म्हणून आणखी घट्ट धरणार. दोन थांबे आधीच मास्तर उतरले आणि उरलेला रस्ता पळाले. धावताना बधिरपणा उतरायला लागला आणि दाढेने पुन्हा घण घालायला सुरुवात केली.

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत लेक खुर्चीत एकटीच बसली होती. आई आणि जावई खाली कागदपत्रं करायला गेले होते. बाळ तिच्या छातीशी, अंगात पिवळा कोट.

"काढ!" मास्तर दारातूनच म्हणाले. "कोट काढ!"

दोन वर्षांनंतरचे बापाचे पहिले शब्द हे! लेकीचा चेहरा पांढराफटक पडला.

"दिलेला परत मागताय?" ती म्हणाली. "घेऊन जा. काही नको आम्हाला तुमचं."

अर्धवट बधिर जिभेने मास्तरांना हे समजावून सांगणं जमेना. त्यांनी खिशातून डबी काढली, उघडून तिच्यासमोर धरली आणि आतल्या सहा टाचण्या बोटाने मोजून दाखवल्या.

तीही शिंप्याचीच पोर. एका क्षणात तिला सगळं कळलं. तिने असा झरकन कोट उतरवला की बाळाला पत्ता लागला नाही. पाठ, पोट, मांड्या, बगला, सगळीकडे हात फिरवून बघितलं. बाळ जांभई देत होतं. अंगावर कुठे ओरखडासुद्धा नव्हता. मग तिने बाळाला चादरीत गुंडाळून पलंगावर ठेवलं आणि हात पुढे केला.

"कात्री द्या."

दोघांनी मिळून तो कोट उसवला. ती बाह्या उसवत होती, मास्तर पाठ. तीन दिवसांच्या ठणक्यात घातलेले टाके दोन मिनिटांत सुटले. कापूस चिमटीचिमटीने चाचपला. खिसे उलटे केले. कुठे काही नाही.

"सातच होत्या? नक्की?"

"सातच."

"मग गेली कुठे?" लेक वैतागली. तिने बापाकडे पहिल्यांदा नीट बघितलं. फुगलेला गाल, घामाने थबथबलेला सदरा, लाल डोळे. "मलम लावलंय ना तोंडाला? किती?"

मास्तरांनी अख्खं बोट दाखवलं.

"तोंडात बघितलंत?"

मास्तरांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. तीस वर्षं टाचण्या तोंडात बाळगणारा माणूस, दुकान पालथं घालून आला, पण आरशात बघितलं नाही!

"बसा इथे. आ करा." तिने फोनची बत्ती लावली. एका हातात फोन, दुसऱ्याने गाल ओढायचा. तेवढ्यात पलंगावर बाळ कुरकुरलं. लेकीने इकडेतिकडे बघितलं, बाळाला उचललं आणि बापाच्या मांडीवर ठेवलं. "धरा हिला. हलू नका."

मास्तर हललेच नाहीत. डोक्याखाली एक हात, पाठीखाली दुसरा.

"बाबा रे!" लेक पुटपुटली. शेवटच्या दाढेमागे, सुजलेली हिरडी आणि गाल यांच्यामध्ये टाचणी आडवी रुतून बसली होती. तिने नखांच्या चिमटीत धरून ओढली. "आली. गिळली असतीत तर?"

मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"फार दुखतंय का?"

"ते नाही गं," मास्तर बोबडं बोलले. "मी चुकलो. त्या दिवशी तोंड उघडलं असतं, तर गिऱ्हाइकासमोर असाच रडलो असतो. तू जाऊ नयेस असं वाटत होतं. म्हणून नाही उघडलं."

बाहेरून कुणीतरी चाकाची गाडी ढकलत गेलं. लेकीने चादरीचं टोक ओढून बाळाच्या कपाळावर पडलेला थेंब पुसला.

"आता मिटा तोंड," ती म्हणाली. "लाळ गळतेय नातीवर. आणि मान नीट धरा तिची. खाली दातांचे डॉक्टर बसतात, जाताना दाखवू. मी येते बरोबर."