आईच्या गुलाबावरचे पांढरे केस

मी एक जुने भिंग आहे, मित्रांनो. कडेला टवका उडालेला, मुठीला दोरा गुंडाळलेला. पण एके काळी माझा काय थाट होता म्हणून सांगू! रोपवाटिकेच्या मालकीणबाई, आक्का, मला गळ्यात घालून मिरवत. त्यांची धाकटी बहीण पन्नाशीची झाली, तरी त्यांना ती छोटीच.

"हे बघ छोटे," आक्का शिकवायच्या, "पिंपासारखी, झाकणवाली अंडी झाडावरच्या ढेकणांची. लव पांघरलेला पुंजका पतंगाचा. आधी बघायचं, मग चिरडायचं."

पुढे आक्कांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. पण कबूल करतील तर त्या आक्का कसल्या! मी गळ्यात नुसता शोभेला उरलो.

एकदा त्यांच्या आईने लावलेल्या गुलाबावर माव्याची कीड चढली. त्या जातीचे दुसरे रोप कुठेच नव्हते. पानांखाली छोटीला पांढरे केस उभे दिसले. आक्कांनी पान अगदी नाकाशी धरले.

"बुरशी! मुळासकट उपट आणि जाळून टाक. नाहीतर बाकीची झाडंही जातील."

"आक्का, एकदा भिंगातून बघ ना."

"चाळीस वर्षं पानं बघतेय मी. आता तू मला शिकवणार?"

"तूच शिकवलंस. आधी बघायचं."

आक्कांनी मला डोळ्याला लावले. मग मला गळ्यातून काढून छोटीच्या हातात दिले.

"मला नुसतं धुकं दिसतंय गं. तुला काय दिसतं ते सांग."

"केसाएवढा देठ आहे. टोकावर एकच दाणा. असे सात-आठ आहेत."

आक्का एकदम हसल्या. "अगं वेडे, ती जाळीपंखी किडीची अंडी! हिची पिल्लं मावा फस्त करतात. हात लावू नकोस!"

आठवडाभरात पिल्ले माव्यावर तुटून पडली. गुलाब वाचला. पुढे बहर आला, तेव्हा आक्कांनी फुले हाताने चाचपून मोजली. ते दिवस आठवले की माझी काच अजून ओलावते.

आता आक्का नाहीत. मी सुतळीच्या खणात पडून असतो; पाने बघायला मोबाइल आहेत. असू देत. मित्रांनो, चिरडण्याआधी बघत जा. आणि घरात कुणाची नजर अधू झाली असेल, तर त्यांच्याजवळ बसून तुम्हाला काय दिसते ते सांगा. त्याचे नाव ते बरोबर सांगतील.